जर्मनीत आल्या आल्या: पत्त्याची नोंद आणि दवाखान्याचं कार्ड

आधी पत्रपेट्यांचं सांगतो. जर्मनीत जवळपास प्रत्येक बिल्डिंगच्या खाली त्या रांगेत असतात आणि त्यांच्यावर फ्लॅट नंबर नाही, आडनावं असतात. म्हणजे तुम्ही तिथे कुलकर्णी अशी चिठ्ठी लावली नसेल तर पोस्टमन तुमचं पत्र सरळ परत पाठवू शकतो, आणि इथे तर बँकेचा पिन, टॅक्स नंबर, इन्शुरन्सचं कार्ड, सगळं पोस्टानेच येतं. म्हणून किल्ली मिळाली की बॅगा नंतर उघडा, आधी नाव लावा, सेलोटेपने चिकटवलं तरी चालतं.

मग आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद. राहायला आल्यापासून १४ दिवसांत करायची, ब्युर्गरआम्ट नावाच्या ऑफिसात. पासपोर्ट लागतो, फॉर्म लागतो, आणि घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो की हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो. बरेच जण रेंट ॲग्रीमेंट घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात, कारण हा कागद वेगळा असतो आणि तो देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा जाहिरातीत 'आनमेल्डुंग होणार नाही' असं लिहिलं असेल तर कितीही स्वस्त असो, ते घर घेऊ नका, प्लीज. बर्लिनसारख्या शहरात कधी कधी अपॉइंटमेंटच मिळत नाही १४ दिवसांत, पण शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट चालतं, त्यामुळे आपल्याच एरियात अडकून राहू नका.

नोंद झाली की ११ आकडी टॅक्स नंबर घरी येतो. तो तुमच्या कंपनीत दिला नाही तर पगारातून जास्त टॅक्स कापला जाऊ शकतो, नंतर परत मिळतो पण सुरुवातीच्या महिन्यात ते परवडत नाही हो.

आता दवाखाना. इथे हेल्थ इन्शुरन्स सगळ्यांना सक्तीचा आहे, आणि ही पद्धत आजची नाही, तेव्हाचा जर्मन चान्सलर बिस्मार्क याच्या काळात १८८३ साली कामगारांसाठी कायदा झाला तिथून चालत आलीये. सरकारी पद्धतीत पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडा जादा हप्ता, निम्मं तुम्ही निम्मं कंपनी. कापलेला आकडा बघून पोटात गोळा येतो, पण नवरा किंवा बायको कमवत नसेल तर ते आणि मुलं त्याच हप्त्यात कव्हर होतात, वेगळा पैसा नाही. मला हे फार मोठं वाटतं, कारण आपल्याकडे ॲडमिट करायच्या आधी डिपॉझिटसाठी फोनाफोनी करणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलीयेत. इथे काउंटरवर कार्ड मशीनमध्ये घालतात, नाव दिसतं, बसा म्हणतात, बस. पैशाचा विषयच निघत नाही. औषधांना मात्र साधारण ५ ते १० युरो भरावे लागतात.

स्टुडंट मुलामुलींनो, हे नीट ऐका. स्वस्त दिसते म्हणून प्रायव्हेट पॉलिसी घेऊन सरकारी इन्शुरन्समधून बाहेर राहायची सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही. आणि त्या स्वस्त पॉलिसीत आधीचे आजार बऱ्याचदा धरलेले नसतात. वय तिशीच्या आत असेल तर सरकारीमध्ये स्टुडंट रेट मिळतो, तोच घ्या, एजंट काहीही सांगू दे.

ताप आला तर आधी फॅमिली डॉक्टर, हॉस्पिटल नाही. तो चिठ्ठी देतो मग स्पेशालिस्ट, आणि तिथे कधी कधी दोन दोन महिने थांबावं लागतं, हे खरंच त्रासाचं आहे. म्हणून तब्येत बरी असतानाच घराजवळचा डॉक्टर शोधून ठेवा, बरेच जण नवीन पेशंट घेत नाहीत. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

आणि आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार असतील तर ते तुमच्या कार्डावर बसत नाहीत. त्यांची ट्रॅव्हल पॉलिसी वेगळी काढा, आणि बाबांचं बीपी, शुगर त्यात धरलंय का ते विमानात बसायच्या आधी वाचून घ्या.