पडलेलं सिमेंट आणि जत्रेतलं नाटक

नमस्कार श्रोतेहो.

दातातलं सिमेंट सोमवारी सकाळी, दवाखाने उघडे असताना कधी पडत नाही. ते पडतं रविवारी संध्याकाळी, जत्रेत, नाहीतर चवथीला नेवरी खाताना. जिभेला खड्डा लागतो, पाण्याचा घोट घेतला की कळ थेट कानशिलात जाते. कारण एवढंच की इनॅमलच्या खालच्या थरात अगदी बारीक नळ्या असतात, त्या आतल्या नसेच्या दिशेने जातात. सिमेंट हे त्यांचं झाकण. झाकण गेलं की गार, गरम, गोड सगळं आत झोंबतं.

आता आमच्या धाकट्या मामांचं ऐका. मामा फोंड्याकडचे. गावच्या देवीच्या जत्रेत रात्री संगीत नाटक आणि त्यात मामा राजा, गाणारा राजा. हल्ली जत्रेतल्या नाटकांत पदं कापतात. पदंच कापायची तर संगीत नाटक लावता कशाला, असं माझं आपलं मत आहे. असो.

पालखी देवळात परतली होती, पडदा उघडायला थोडा वेळ होता. मामा रंग लावून, मुकुट चढवून बसलेले. तेवढ्यात कुणीतरी खाज्याचा पुडा पुढे केला. ताजं खाजें, गुळाचं, आल्याचं, दातांखाली कडक. मामा चावता चावता थांबले. आल्याचा तुकडा असेल म्हणून तोंडातून काढला, बघतात तर दाढेतलं सिमेंट.

मग रंगपटात वैद्यांना काय तोटा! पहिला उपाय कुठला, ते गोंयकाराला सांगायला नको. "मातशी फेणी लाय रे!" म्हणत पेटीवाले बाटलीसकट हजर. मामांनी चूळ भरली. ती थुंकली की गिळली, यावर आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत. कळ मात्र जिथल्या तिथे. मग प्रॉम्प्टरनं ॲस्पिरिनची गोळी चुरडून दाढेच्या कडेला दाबली. थोड्या वेळानं तिथली हिरडी पांढरी पडली आणि भाजल्यागत झोंबू लागली. आधी नुसता दात दुखत होता, आता हिरडीपण.

पडदा उघडला. मार्गशीर्षातली रात्र, वारा गार. मामांनी पदाला सुरुवात केली, तानेला तोंड उघडलं आणि गार हवा सरळ दाढेत. मामा असे कळवळले की डोळ्यांतून पाणी आलं. प्रवेश नेमका विरहाचा! लोकांनी 'वन्स मोअर' दिला. मामांनी काकुळतीनं हात जोडले. लोकांना वाटलं, काय हा विनय! परत वन्स मोअर.

पहिला अंक संपल्यावर मामी आत आल्या. कोमट पाण्यात मीठ घालून मामांना चुळा भरायला लावल्या, पानवाल्याकडून आणलेली लवंग जराशी ठेचून दाढेपाशी धरायला दिली आणि पेटीवाल्यांना बाटलीसकट बाहेर घालवलं. पुढच्या अंकात राजाचा एक गाल किंचित फुगलेला होता, पण राजा उभा राहिला. वन्स मोअर मात्र पुढे एकही मिळाला नाही. लवंगेनं गाणं बिघडवलं, असं मामा अजून म्हणतात.

मामींचं बरोबर होतं. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्यानं जागा बधिर होते. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचंच तात्पुरतं सिमेंट डॉक्टरही भरतात. तेल असेल तर कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, बोळा जरा पिळून फक्त खड्ड्यात. हिरडीवर नको, भाजते. लहान मुलांना हे तेल लावूच नका. आणि गोळी पोटात घ्यायची, हिरडीवर ठेवायची नाही. पुन्हा सांगतो, गोळी पोटात, हिरडीवर नाही. तुम्हांला चालत असेल तर पॅरासिटामॉल घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढंच. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर डेंग्यूची शंका धरून ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळा. रात्री ठणका वाढतो, म्हणून उशाला दोन उशा घ्या. आणि कृपा करून घरातला चिकटवायचा गोंद दातात भरू नका. असे महाभाग आहेत.

मामांचं पुढे काय झालं? काही दिवसांनी ठणका थांबला, तसे मामा डॉक्टरकडे गेलेच नाहीत. शिगम्याला गाल सुजून टम्म. ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला असं नाही. कधी कधी आतली नस मेलेली असते, म्हणून दुखत नाही, आणि मुळाशी पू धरतो. ठणका थांबला तरी जायचंच, हे लक्षात ठेवा. नुसतं सिमेंट भरून कदाचित भागलं असतं, तिथे मामांना रूट कॅनल करावं लागलं. पैसे मोजताना मामांनी खाज्याला दोष दिला. खाजेंकारांचा काय संबंध? कडेनं दात किडत आला असला की सिमेंट सैल होतंच, खाजें फक्त निमित्त.

खर्चाची काळजी असेल तर बांबोळीला सरकारी गोवा डेंटल कॉलेज आहे, १९८० पासून. पण सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली उतरली, ताप भरला, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वासाला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा, नाहीतर तडक बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत जा.

एक राहिलं. सिमेंट नव्हे, दातावरची कॅपच निघाली असेल तर ती टाकू नका. धुऊन डबीत घाला आणि डॉक्टरकडे न्या, पुष्कळदा तीच परत बसवता येते. सिमेंटचा तुकडा मात्र खुशाल फेकून द्या, तो परत बसत नाही.

नमस्कार.