प्रकृती कशी आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

लक्ष्मी रस्त्यावर दोन ओळखीची माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय, प्रकृती कशी आहे?" उत्तरही बहुधा ठरलेलेच असते, "ठीक आहे," नाहीतर "जरा नरमच आहे." या प्रश्नातली प्रकृती म्हणजे तब्येत, आज बरी आणि उद्या बिघडलेली असू शकणारी. तोच माणूस पुढे वैद्याकडे गेला आणि "तुमची प्रकृती पित्तप्रधान आहे," असे त्याने ऐकले, तर तिथे तो शब्द जन्मापासून सोबत असलेल्या घडणीविषयी असतो. एका शब्दाच्या या दोन अर्थांमुळे होणारा घोटाळा मी पुण्यातल्या माझ्या चिकित्सालयात गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे, आणि आज त्याविषयीच बोलायचे आहे.

वात, पित्त आणि कफ ही आयुर्वेदाच्या मते शरीराचा कारभार चालवणारी तीन तत्त्वे आहेत, त्यांनाच दोष म्हणतात. हालचाल, श्वासोच्छ्वास आणि मलमूत्राचे विसर्जन वाताकडे, पचन, उष्णता आणि वर्ण पित्ताकडे, तर बांधणी, ओलावा आणि स्थैर्य कफाकडे, अशी ही वाटणी ढोबळमानाने सांगता येते. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या शारीरस्थान या भागात म्हटले आहे की गर्भधारणेच्या वेळी जो दोष प्रबळ असतो त्याच्यावरून माणसाची प्रकृती ठरते, आणि अशा प्रकृती सात आहेत: एकेका दोषाच्या तीन, दोन दोषांच्या जोडीच्या तीन आणि तिन्ही समान असलेली एक. चरक या दुसऱ्या प्राचीन आचार्याने त्यात ऋतू, गर्भाशयाची स्थिती आणि गरोदरपणातला आईचा आहारविहार यांचीही भर घातली आहे.

आपल्या बोलीत मात्र हे तिघे फक्त आजारपणात आठवतात. अंगावर पित्त उठते, वाताने गुडघे धरतात, छातीत कफ होतो. त्यामुळे रात्री दीड वाजता झोपणारा, सकाळी रिकाम्या पोटी दोन कप चहा घेणारा आणि दुपारी तर्रीदार मिसळ खाणारा तरुण छातीवर हात ठेवून "माझी पित्ताची प्रकृतीच आहे," असे सांगतो, तेव्हा तो स्वतःच्या घडणीचे वर्णन करत नसून गेल्या सहा महिन्यांच्या दिनक्रमाचे करत असतो. शास्त्रात याला विकृती म्हणतात. मराठीत त्या शब्दाला भलताच वास चिकटलेला असल्यामुळे रुग्णासमोर मी आपला 'बिघाड' म्हणतो.

गंमत अशी की खुद्द ग्रंथांतही या शब्दावरून वाद आहे. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात सहाव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की प्रकृती म्हणजे आरोग्य, म्हणजे जवळजवळ आपला लक्ष्मी रस्त्यावरचाच अर्थ. ज्याच्यात एखादा दोष वाढलेला आहे त्याला 'वातप्रकृती' म्हणणेच चूक, त्याला 'वातल' म्हणावे, तसेच इतरांना 'पित्तल' आणि 'श्लेष्मल' (श्लेष्मा म्हणजे कफ), असे तिथले मत आहे. सुश्रुत याउलट विषात जन्मलेल्या किड्याचा दाखला देतो: ज्या विषात तो वाढला त्याने तो मरत नाही, तशी माणसाची प्रकृती माणसाला बाधत नाही. मला व्यवहारात दोन्ही म्हणणी उपयोगी वाटतात. पित्तल माणूस आजारी नसतो, पण तोल गेला तर कोणत्या बाजूला जाईल याचा अंदाज आधी करता येतो.

ही घडण ओळखायची कशी, तर चरकाने दोषाच्या गुणावरून लक्षण काढण्याची पद्धत सांगितली आहे, ती सकाळी पर्वती चढणाऱ्यांकडे पाहिली तरी समजते. वात चल आणि शीघ्र, म्हणून वातल माणूस झपाट्याने चढू लागतो, बोलताना त्याचे हात, भुवया, खांदे हलत असतात, तो ऐकलेले चटकन उचलतो आणि तितक्याच चटकन विसरतो. पित्त उष्ण आणि तीक्ष्ण, म्हणून पित्तलाला अर्ध्यातच ऊन सोसवेनासे होते, भूक आणि तहान त्याला थांबू देत नाहीत, आणि त्याचे केस लवकर पिकतात किंवा विरळ होतात. कफ मंद आणि स्थिर, म्हणून कफप्रधान माणूस सावकाश चढतो, पण दमत नाही, आणि वाटेत कोणी धक्का दिला तरी सहसा चिडत नाही. अर्थात एकाच लक्षणावर शिक्का मारू नये. टक्कल पडले म्हणजे पित्त, असे ठरवायचे तर चिकित्सेची गरजच उरणार नाही.

बहुतेक माणसे दोन दोषांच्या मिश्रणाची असतात. वाग्भट या नंतरच्या आचार्याने या मिश्र प्रकृतींना 'निंद्य' म्हटले आहे, ते ऐकून कोणी खट्टू होऊ नये. एका दोषाला शमवणारे औषध दुसऱ्याला डिवचू शकते, ही वैद्याची अडचण त्या शब्दामागे असावी, असे मी मानतो.

आता मनाकडे येतो. शरीराचे दोष तीन, पण मनाचे दोनच: रज आणि तम. सत्त्व हा दोष नाही. या तिघांच्या कमीअधिक प्रमाणावरून चरकाने मनाचे सोळा प्रकार केले आहेत, सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस. त्यातला 'याम्य' म्हणजे नियम पाळणारा, प्रत्येक काम वेळेवर करणारा आणि काहीही न विसरणारा. आपल्या पेठांत तो शोधायला फार लांब जावे लागत नाही. 'वानस्पत्य' मात्र आळशी, आणि त्याचे सारे लक्ष जेवणात. हे ऐकताना प्रत्येकाला शेजारी आठवतो, स्वतः कोणीच आठवत नाही.

माझ्या मते यातला सर्वांत कामाचा भाग सत्त्वपरीक्षेचा आहे. मनाचे बळ प्रवर (उत्तम), मध्यम की अवर (कमी), हे वैद्याने देहाकडे पाहून ठरवू नये, असे चरक बजावतो. कारण धिप्पाड देहाची काही माणसे थोड्याशा वेदनेनेही कोलमडतात आणि किरकोळ बांध्याची काही माणसे मोठी पीडा न डगमगता सोसतात. मराठीत म्हणतात, स्वभावाला औषध नाही. चरकाने मनाच्या दोषांसाठी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी ही औषधे सांगितली आहेत. फक्त ती पुडीत बांधून देता येत नाहीत.

हल्ली मोबाइलवर वीस प्रश्नांत प्रकृती सांगणारी अ‍ॅप आहेत. एक निवृत्त गृहस्थ 'कफ' असा निकाल घेऊन माझ्याकडे आले होते. सोबतच्या थोरल्या बहिणीने तो ऐकला आणि म्हणाली, "हा? अहो, हा लहानपणी एका जागी जेवायलासुद्धा बसत नव्हता." निवृत्तीनंतर वाढलेले वजन आणि दुपारची झोप यांनी प्रश्नावलीला फसवले होते. म्हणून मी विचारतो ते दहाव्या, विसाव्या वर्षीचे, आणि शक्य असेल तर आईला किंवा मोठ्या भावंडांना.

या वर्गीकरणाची आधुनिक तपासणीही झाली आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ७६ व्यक्तींची प्रकृती आणि त्यांच्यातील एका जनुकाचे प्रकार यांची सांगड तपासून पाहिली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३,४१६ निरोगी पुरुषांमधून काटेकोरपणे २६२ जण निवडले गेले, आणि पीजीएम१ या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध दिसला. यावरून शास्त्र सिद्ध झाले, असे म्हणणे घाईचे होईल. संबंध दिसणे आणि कारण सापडणे यांत अंतर आहे.

हे माहीत असल्याचा रोजच्या जगण्यात उपयोग कुठे, असे विचाराल तर शरद ऋतूचे उदाहरण घ्या. वाग्भट सांगतो की पावसाळ्याच्या गारव्याला सरावलेले शरीर एकाएकी उन्हाने तापते आणि पावसाळ्यात साठलेले पित्त उसळते. पुण्यातली ऑक्टोबरची तलखी ज्यांनी सोसली आहे त्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको. त्या महिन्यात घरातल्या वातल माणसाचे एखादे वेळी निभावून जाईल, पण पित्तल माणसाने दही, तळलेले, दुपारची झोप आणि भर उन्हात हिंडणे टाळावे, आणि मूग, आवळा व पडवळ यांना ताटात जागा द्यावी. कोजागिरीचे दूध त्याने निश्चिंतपणे घ्यावे. पडवळाच्या भाजीवर मात्र बहुतेक घरांत थोडी कुरकुर होतेच, आणि पित्तल माणसांची कुरकुर जरा मोठ्या आवाजात होते.