सुई प्रत्येकाला नवीनच असते हो

नमस्कार मंडळी, मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. मे महिना चालू आहे, कॉलेजं बंद, निम्मं शहर गावाला गेलंय, शिबिरं कमी होतात आणि आमचे फ्रिज दरवर्षी याच दिवसांत रिकामे व्हायला लागतात. थॅलेसेमियाच्या पोरांना मात्र सुट्टी नसते, त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं.

शिबिरात एक प्रश्न हमखास येतो, तोही हळू आवाजात, "रक्त दिलं तर एड्स वगैरे होणार नाही ना?" नाही हो. तुमचं रक्त बाहेर जातं, दुसऱ्याचं काहीच तुमच्या अंगात येत नाही. पिशवीला नळी आणि सुई कंपनीतूनच जोडून येते, सीलबंद, पुढच्या माणसाची पिशवी स्वतःची सुई घेऊनच येते, त्यामुळे तुमची सुई दुसऱ्याला वापरायचा प्रश्नच नाही. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचतो ती लॅन्सेटसुद्धा नवी. एकदा एक काका मुलाचा हात धरून दारातच उभे होते, मी न फोडलेली पिशवी त्यांच्या हातात दिली, त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "हे आधी कुणी दाखवलंच नाही." तुम्हीपण मागा बघायला, आम्हाला राग येत नाही.

अशक्तपणाचं म्हणाल तर अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, आम्ही घेतो 350 किंवा 450 मिली. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात, म्हणून पुरुषांना 3 महिने आणि बायकांना 4 महिने थांबायला सांगतो.

आता एक कळकळीची विनंती. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी होतेच, पण लागण अगदी ताजी असेल तर टेस्टमध्ये काही दिवस, कधी काही आठवडेही दिसत नाही, म्हणून फॉर्म खरा भरा, टॅटू काढला असेल, आजारपण झालं असेल तर लपवू नका. आणि फुकट एचआयव्ही टेस्ट होईल म्हणून प्लीज रक्त द्यायला येऊ नका, त्यासाठी सरकारी दवाखान्यात आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्र आहे, तिथे ती मोफत होते आणि रिपोर्ट गुप्त ठेवतात.

वय 18 पूर्ण, वजन 45 किलोच्या वर, तब्येत ठीक असेल तर या. उपाशी नको, पोटभर नाश्ता करून या, आणि झाल्यावर लगेच उठून पळू नका, दहा-पंधरा मिनिटं बसा, चहा-बिस्कीट घ्या, आम्ही तिथेच असतो.