मोंढ्यातला सहा हजाराचा सौदा

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडं गावोगाव पोरं मोबाईलवर सिनेमे करतायत. कुणी दहा मिनिटांचा, कुणी वेबसिरीजचे पन्नास-पन्नास भाग. आज त्यांच्याबद्दल बोलू.

सिनेमा तालुक्याला यायचा तो रिळांच्या डब्यांतून. डबे आधी मोठ्या शहरांत फिरायचे. आपल्या टॉकीजला लागेपर्यंत त्यातली गाणी बँडवाल्यांनी वाजवून जुनी केलेली असायची. पुढं रिळं गेली, सिनेमा उपग्रहावरून थेट यायला लागला. पण तोवर तालुक्याच्या टॉकीजांची मंगल कार्यालयं होऊ लागली होती. 2016 नंतर नेट स्वस्त झालं आणि पडदा ज्याच्या त्याच्या खिशात गेला.

एकट्यानं सिनेमा उभा करणं मात्र नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी भांडवल मिळवायला आधी एक छोटी फिल्म करून दाखवली होती, वाटाण्याचं रोप कसं उगवतं त्याची. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला, तेव्हा सगळ्या कलाकारांचा स्वयंपाक घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईच करत होत्या. आजच्या पोरांच्या आयाही तेच करतात, फक्त श्रेयनामावलीत त्यांचं नाव येत नाही. यावं, असं माझं मत आहे.

आता मुद्द्याचं. प्रेक्षक हलतं चित्र चालवून घेतो, न ऐकू येणारा शब्द चालवून घेत नाही. पुन्हा सांगतो, चित्र थोडं वाईट चालेल, आवाज वाईट चालणार नाही. रेडिओवाला आहे म्हणून बोलतोय असं वाटेल तुम्हाला. म्हणून एक किस्सा सांगतो.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा मोंढा, म्हणजे शेतमालाचा बाजार. 2024 सालची दिवाळी तोंडावर आलेली. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, आणि मोंढ्यात भाव त्याच्याही खाली. आमच्या ओळखीतला एक पोरगा तिथं शूटिंग करत होता. मी बघायला गेलो होतो, बघायला म्हणजे त्याच्या आवाजाची व्यवस्था काय आहे ते. व्यवस्था अशी, की एक मोबाईल चित्र घेणार आणि दुसरा, आवाजासाठी, कट्ट्यांच्या थप्पीवर रुमालाखाली लपवलेला.

सीन शेवटचा होता. कर्जानं वाकलेल्या बापाच्या मालाला अखेर चांगला भाव मिळतो आणि बाप डोळे पुसतो. आडत्याच्या भूमिकेत गावातला किराणा दुकानदार. आवाज असा खणखणीत, की त्याला माईकची गरजच नव्हती. पोरानं त्याला सांगितलं, “मामा, जोरात बोला, खरं वाटलं पाहिजे.” मामा थप्पीवर चढले आणि ओरडले, “सहा हजार! सहा हजार एक वार!”

पहिल्यांदा झालं तेव्हा एक हमाल खाली बसलेला उभा राहिला. दुसऱ्या टेकला शेजारच्या आडतीवरचे चार शेतकरी आले. तिसऱ्या टेकला कुणीतरी फोन लावलेला मी माझ्या कानांनी ऐकला, “अरे, कट्टे भरा, सहा हजार निघालंय!” अर्ध्या तासात मोंढ्याच्या फाटकाशी ट्रॅक्टर. एक, मग त्याच्यामागं दुसरा. खरे आडते कपाळाला हात लावून बाहेर आले. “कोण घेऊलालाय सहा हजारानं?” मामा थप्पीवरून खाली उतरेनात, कारण उतरले तर लोक धरणार.

पोरगा हात जोडून सगळ्यांना सांगू लागला, “शूटिंग आहे, बाबांनो, खरं नाही, शूटिंग आहे.” काही जण हसले. एक जण चिडून निघून गेला. धोतर-टोपीतले एक म्हातारे शेतकरी तेवढे हलले नाहीत. त्यांनी पोराकडं बघितलं, मामांकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, “मग शूटिंगमदीच भाव भेटतो का?”

कुणालाच उत्तर सुचलं नाही. गंमत अशी, की दोन्ही मोबाईल चालूच होते. चित्रात म्हाताऱ्यांची नुसती पाठ आली होती आणि अर्धा ट्रॅक्टर. पण रुमालाखालच्या मोबाईलनं ते वाक्य असं टिपलं होतं, की शब्द न् शब्द कळावा. पोरानं बापाचे डोळे पुसण्याचा सीन टाकून दिला आणि सिनेमा त्या वाक्यावर संपवला. त्याआधी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची परवानगी घेतली, हे मला फार आवडलं. हल्ली न विचारता कुणालाही शूट करून टाकतात, मयतीतसुद्धा. बंद व्हायला पाहिजे ते.

त्या पोराचा सगळ्यांत जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तोच. नंतर मुंबईचा एक जण त्याला म्हणाला, हेच पुन्हा कर, पण जरा प्रमाण भाषेत. पोरानं फोन ठेवला. बरं केलं.

आता थोडं पैशाचं. यूट्यूबवर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतून पैसे यायचे तर 1,000 सबस्क्राइबर आणि वर्षभरात 4,000 तास बघणं लागतं. लक्षात ठेवा, 1,000 सबस्क्राइबर, 4,000 तास. मग त्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या पैशातले 55 टक्के तुमचे. पण दुसऱ्याचं गाणं मागं लावलंत तर ते पैसे गाण्याच्या मालकाकडं जाऊ शकतात. म्हणून गाणं आपलं हवं, नाहीतर गाणं नको. मला विचाराल तर नकोच. आई रडत असते आणि मागं बासरी, व्हायोलिन, सगळा वाद्यवृंद. लग्नातल्या डीजेनं लोकांचे कान गेलेच आहेत, निदान सिनेमात तरी माणसाला रडू द्या. आणि यूट्यूबला सेन्सॉरचा दाखला लागत नाही, टॉकीजमध्ये लावायचं तर 1952 च्या कायद्यानं तो लागतो, एवढं ध्यानात असू द्या.

जाहिरातीच्या पैशावर घर चालणारे थोडे. बाकीच्यांचा हिशेब बियाण्याच्या दुकानाचं उद्घाटन, ट्रॅक्टरच्या शोरूमची जाहिरात, असा बसतो. दुसरीकडं मोठे निर्माते नट निवडताना मोबाईलवर त्याचे चाहते किती ते बघायला लागलेत. अभिनय येतो का, ते पुढं कधीतरी.

तो पोरगा परवा भेटला. आता शूटिंगचं वेळापत्रक तो थ्री फेजच्या, म्हणजे शेतातल्या पंपांच्या, लाइटवर ठरवतो. दिवसा लाइट असेल त्या आठवड्यात शिवारात मोटारी चालू, मग संवादाचे सीन बंद. रात्रीची पाळी लागली, की दिवसा शूटिंग. या आठवड्यात लाइट रात्रीची आहे, त्यामुळं विहिरीवरचा सीन उद्या सकाळीच उरकतोय. मामांना या वेळी बोलायचं काही दिलेलं नाही.