एक दशांश सेकंदाचा उशीर

नमस्कार, श्रोतेहो. कृष्णविवर सगळं गिळतं, हे ऐकून ऐकून आपले कान किटलेत. मला आज बोलायचंय ते गिळण्याच्या आधीच्या क्षणांबद्दल. कृष्णविवराच्या उंबरठ्यावर जो प्रकाश फडफडतो, त्याबद्दल.

काही कृष्णविवरांच्या सोबतीला एक तारा असतो. त्या ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही. तबकडी धरून गोल फिरत आत सरकतो, तापत जातो आणि अगदी आतल्या भागातून क्ष-किरण बाहेर पडतात. हे तेज क्षणभरही स्थिर नसतं.

आता मापं बघा. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या कृष्णविवराचा व्यास भरतो साधारण ६० किलोमीटर. म्हणजे आपलं चर्चगेट ते विरार! आणि ते हजारो प्रकाशवर्षं दूर. तिथला तपशील दुर्बिणीतून दिसणं अशक्यच. मग शास्त्रज्ञांनी घड्याळ हातात घेतलं. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. एखादा स्रोत सेकंदाच्या शंभराव्या भागात उजळून मंदावत असेल, तर तो साधारण ३,००० किलोमीटरांहून मोठा नसणार. वेळ मोजली की अंतर कळतं.

हंस तारकासमूहात 'व्ही ४०४ सिग्नी' नावाची अशी एक जोडी आहे. १९८९च्या भडक्यानंतर ती २६ वर्षं निपचित होती आणि जून २०१५मध्ये एकाएकी पेटली. आपल्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं, पण कॅनरी बेटांवरच्या ला पाल्माला आकाश मोकळं होतं. तिथल्या ४.२ मीटरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीला अल्ट्राकॅम नावाचा वेगवान कॅमेरा लावलेला होता आणि त्याच वेळी अवकाशातून नूस्टार उपग्रह क्ष-किरण टिपत होता. क्ष-किरण आपल्या वातावरणात अडतात, म्हणून दोन ठिकाणची ही जुळवाजुळव करावीच लागते. रेडिओवर आलेख दाखवता येत नाही, तेव्हा कल्पना करा: तेजाच्या चढउताराच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, एक क्ष-किरणांची, दुसरी साध्या प्रकाशाची. एक पट्टी दुसरीवर थोडी थोडी सरकवत न्यायची आणि चढउतार कुठे सर्वांत चांगले जुळतात ते बघायचं.

ते जुळले ०.१ सेकंदाच्या फरकावर. आधी क्ष-किरण, मागून दृश्य प्रकाश.

हा आकडा फार बोलका आहे. क्ष-किरण सोबतच्या ताऱ्यावर पडून तो उजळला असता, तर उशीर मिनिटभराचा तरी झाला असता, कारण तारा तेवढा लांब आहे. दशांश सेकंदात प्रकाश जातो फक्त ३०,००० किलोमीटर. शिवाय हा उशीर दिसला तो कृष्णविवराच्या झोतातून येणाऱ्या रेडिओ लहरी जोरात वाढल्यावर. कृष्णविवराजवळून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पदार्थाचे झोत उसळतात, हे ठाऊक होतंच. तो झोत मुळापासून किती अंतरावर दृश्य प्रकाशात चमकू लागतो, ते या उशिराने सांगितलं. 'जीएक्स ३३९-४' आणि २०१८मध्ये उजळलेली 'मॅक्सी जे१८२०+०७०' या जोड्यांमध्येही उशीर याच मापाचा निघाला. माझ्या मते या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट हीच.

मुंबईचा या घड्याळाशी जुना संबंध आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी बनवलेल्या उपकरणांनी १९९६पासून आयआरएस-पी३ उपग्रहावरून 'जीआरएस १९१५+१०५' या कृष्णविवराचे स्फोट नोंदवले. पुढे ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरचं लॅक्सपीसी हे उपकरणही त्यांचंच. एकेका क्ष-किरण कणाची वेळ ते १० मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवतं. दुर्दैव एवढंच, की ॲस्ट्रोसॅट उडाला २८ सप्टेंबर २०१५ला आणि व्ही ४०४चा मोठा भडका जूनमध्येच होऊन गेला होता! 'मॅक्सी जे१८२०'च्या वेळी मात्र तो हजर होता.

एक कोडं मात्र झोताने पुरतं सुटत नाही. 'एक्सटीई जे१११८+४८०' या जोडीत क्ष-किरण वाढण्याच्या काही सेकंद आधीच दृश्य प्रकाश मंदावतो. आधी! कारणाच्या आधी परिणाम होत नाही, तेव्हा दोन्हींचं मूळ एकच असणार. काही जण म्हणतात, झोत आणि तबकडी एकाच ऊर्जेच्या साठ्यातून घेतात, एकीकडे जास्त गेली की दुसरीकडे कमी पडते. दुसऱ्यांच्या मते कृष्णविवराजवळचा तप्त वायूच दोन्ही प्रकाश देतो. तिथे वायू वाढला की क्ष-किरण वाढतात, आणि दृश्य प्रकाश त्याच वायूत शोषला जाऊन कमी बाहेर पडतो. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण झोतवाल्यांचं म्हणणंही मोडीत निघालेलं नाही. निकाल लावायला पुढच्या भडक्याला दुर्बीण आणि उपग्रह पुन्हा एकाच वेळी तिकडे वळायला हवेत, आणि तो भडका कधी व्हायचा हे कृष्णविवर आधी कळवत नाही. नमस्कार.