एकशे सत्तावीस एक

(पडद्यावर अंक एकेक करून उमटत जातात.)

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

मोजून ३९ अंक. आपलं एकं, दहं, शतं अठराव्या घरात परार्धाशी येऊन थांबतं. पुढच्या एकवीस घरांचं काय म्हणायचं? त्यापेक्षा असं म्हणू: २ चा १२७ वा घात, वजा १. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत तर ओळीने १२७ वेळा फक्त १.

ही मूळ संख्या आहे. १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ते सिद्ध केलं. टॉवर ऑफ हनोई हे चकत्यांचं कोडंही त्याचंच.

एकेका संख्येने भागून बघायचं, तर वर्गमुळापर्यंत जावं लागतं. इथे वर्गमूळच २० अंकी! ल्युका त्या वाटेला गेलाच नाही.

त्याची रीत लहान संख्येवर पाहू. २ चा ७ वा घात वजा १, म्हणजे १२७. घातांकाला ४ ने भागून ३ उरत असतील, तर सुरुवातही ३ पासून. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी तेवढी ठेवा. ३ चे झाले ७. ७ चे ४७. ४७ चे २२०७, बाकी ४८. ४८ चे २३०२, बाकी १६. १६ चे २५४, आणि बाकी शून्य. घातांक ७, त्यातून दोन गेले पाच. पाचव्या पायरीला शून्य आलं, म्हणजे १२७ मूळ.

गंमत अशी, की यात खरा भागाकार करावाच लागत नाही. १२८ म्हणजे २ चा ७ वा घात; द्विमान पद्धतीत त्याने भागणं म्हणजे शेवटची सात घरं नुसती वेगळी काढणं. २२०७ मध्ये १२८ सतरा वेळा जातात, वर उरतात ३१. सतरा आणि एकतीस, अठ्ठेचाळीस. हीच बाकी! कागदाची पट्टी दुमडावी तशी संख्येची घडी घालायची आणि दोन्ही भागांची बेरीज करायची.

मोठ्या संख्येला अशा १२५ पायऱ्या. त्यासाठी १२७ गुणिले १२७ घरांचा पट वापरायची कल्पना ल्युकाने मांडली होती.

याच सुमारास २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही, हेही त्याने दाखवलं, एकही विभाजक हाती नसताना. ते विभाजक १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी शोधले.

सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या हा ल्युकाच्या संख्येचा विक्रम ७५ वर्षं टिकला. १९५१ मध्ये केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ७९ अंकी मूळ संख्या सापडली. तीही कशी? ल्युकाच्या संख्येचाच वर्ग, गुणिले १८०, अधिक १.

(पडद्यावर: २, ३, ७, १२७)

यातली प्रत्येक संख्या पुढचीचा घातांक: २ चा तेवढा घात, वजा १. १२७ नंतर आपली ३९ अंकी. आणि तिच्यानंतर? त्या संख्येत किती अंक आहेत, एवढं लिहायलाच ३८ अंक लागतात. तिचा एकही विभाजक अजून कुणाला सापडलेला नाही.