काझुंगुलाच्या पुलावरून

नमस्कार श्रोतेहो. झांबेझीला चोबे नदी जिथे येऊन मिळते त्या जागेला काझुंगुला म्हणतात. बोत्सवाना आणि झांबिया हे आफ्रिकेतले दोन देश इथे एकमेकांना जेमतेम दीडशे मीटर शिवतात. २०२१च्या मे महिन्यापर्यंत ट्रकवाले इथे नदी ओलांडायला दिवसच्या दिवस रांगेत खोळंबायचे, कारण मधे फक्त तराफा होता. आता ९२३ मीटर लांबीचा पूल झालाय. पूल वाकडा आहे, कारण सरळ बांधला असता तर झिंबाब्वेच्या हद्दीत शिरला असता!

या पुलाच्या कुठल्या टोकाला माणूस बरा जगतो?

पैशात मोजलं तर उत्तर सोपं. बोत्सवानाचं दरडोई उत्पन्न झांबियाच्या पाच-सहा पट आहे. पण साठ वर्षांपूर्वी पारडं उलटं होतं. झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे तांब्याच्या खाणी होत्या, रेल्वे होती, जगभर गिऱ्हाईक होतं. बोत्सवाना १९६६ साली स्वतंत्र झाला, तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता बारा किलोमीटर. बाकी गुरं आणि कलहारीची वाळू. या लोकांनी पुढे आपल्या चलनाला नाव दिलं ‘पुला’. पुला म्हणजे पाऊस.

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. ती जमीन खुद्द राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या जमातीची. पण जमिनीखालचं धन जमातीचं नाही, देशाचं, असा कायदा त्यांनी केला आणि पुढे डी बीअर्स या बड्या हिरे-कंपनीशी घासाघीस करून खाणीच्या कंपनीत निम्मा वाटा मिळवला. मला विचाराल तर या देशाचं निम्मं नशीब त्या कायद्यात आहे. झांबियानेही खाणी सरकारी केल्या, पण १९७५च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला. आज ना उद्या चढेल म्हणत राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडांचं सरकार कर्जावर संसार रेटत राहिलं. भाव नीट चढायला पाव शतक गेलं. मागचं बरंच कर्ज माफ झाल्यावर नवं काढलं, आणि २०२०च्या नोव्हेंबरात त्याचाही हप्ता थकला.

घरात डोकावूया. झांबियात ताटात न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सोबत शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला पाला; आपल्याला परका वाटू नये असा. पण २०२४च्या दुष्काळात मका करपला, पीठ महागलं, आणि झांबेझीवरचं करिबा धरण आटल्यामुळे वीजही गेली. दिवसातले वीस-वीस तास अंधार! राजधानी लुसाकातल्या केशकर्तनालयापासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत सगळ्यांचा धंदा बसला. नद्या झांबियाकडे, म्हणून विजेचा बहुतेक भार पाण्यावर. बोत्सवानाकडे वीज काढण्याजोग्या नद्या नाहीत. तिथे वीज कोळशाची, उरलेली शेजाऱ्याकडून विकत. ताटात ज्वारीची आंबील असते. म्हातारपणी प्रत्येकाला सरकारी पेन्शन मिळतं, १९९६पासून.

तरी बोत्सवानाला स्वर्ग समजू नका. विषमतेत हा देश जगात वरच्या नंबरांत आहे. बेकारी मोठी आहे, कारण हिऱ्याच्या खाणीत यंत्रं लागतात, माणसं थोडीच लागतात. आणि एड्सने तर घरंच्या घरं मोडली. साठीपर्यंत गेलेलं सरासरी आयुर्मान २०००च्या सुमारास पन्नाशीच्या आसपास आलं. मग २००२ साली सरकारने औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. आफ्रिकेत असं करणारा हा पहिलाच देश. सेत्स्वाना भाषेत योजनेचं नाव ‘मासा’, म्हणजे नवी पहाट. त्या औषधांनी माणसं उठून कामाला लागली.

आणि ही तुलना गंमतीची होते ती इथे: उत्पन्नात पाच-सहा पटींचं अंतर, पण आयुर्मानात फरक थोड्याच वर्षांचा. शिवाय एका बाबतीत झांबियाचा माणूस श्रीमंत. त्याने १९९१, २०११ आणि २०२१ अशी तीनदा मतपेटीतून सत्ता उलथवली. बोत्सवानात एकच पक्ष अठ्ठावन्न वर्षं राज्य करत होता. तो २०२४ साली हरला.

नवे राष्ट्राध्यक्ष डुमा बोको यांच्या हाती आलेली तिजोरी मात्र रिकामी होत चाललेली. प्रयोगशाळेत बनलेल्या हिऱ्यांनी खाणीतल्या हिऱ्यांचा भाव पाडलाय. हे नवे हिरे मोठ्या प्रमाणात बनतात आपल्या शेजारी, सुरतेत, आणि बोत्सवानाचे बरेच अस्सल हिरेही पैलू पाडायला तिथेच येतात, विकले जातात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात. २०२५च्या ऑगस्टमध्ये बोको यांना आरोग्य-आणीबाणी जाहीर करावी लागली. कारण? दवाखान्यांतली औषधं संपली होती.

त्याच सुमारास झांबियाच्या तांब्याला जगात मागणी वाढत होती, विजेच्या गाड्यांसाठी. तांब्याने लादलेले ट्रक काझुंगुलाच्या त्या वाकड्या पुलावरून दक्षिणेच्या बंदरांकडे चाललेत.